माझ्या हत्यारातून निसटलेली पाच नावं

सानगडीच्या बाजारात माझी ओळख 'कॉम्प्युटर दुरुस्त करणारी बाई' अशी आहे. मी आयुष्यात एकही कॉम्प्युटर दुरुस्त केलेला नाही. मी प्रोग्राम लिहिते. हा फरक मी एकदा वांगी विकणाऱ्या एका बाईला अर्धा तास समजावून सांगितला. तिने सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि पिशवीतून बंद पडलेलं मनगटी घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. मी त्यात सेल टाकून दिला. झालं! तेव्हापासून माझ्या माहेरच्या घरी मिक्सर आले, मोटारपंप आले आणि एकदा तर न बोलणारा पोपट आला. पोपट बोलायला लागला की नाही ते मी सांगणार नाही, कारण सांगितलं तर पुढचं तुम्ही खरं मानणार नाही. आणि पुढचं खरं आहे.

भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला आणि त्यानंतर काही वर्षांनी मी भंडाऱ्यात हापिस थाटलं. हापिस म्हणजे पितळी भांड्यांच्या कारखान्यावरची एक खोली. खाली दिवसभर ठोके, वर आम्ही. नवीन माणसाला तिथे पाच मिनिटांत डोकेदुखी व्हायची. मला मात्र ते ठोके थांबले की चुकल्यासारखं वाटायचं. माझा आवाज असा की मी फोनवर बोलायला लागले की खालचे कारागीर हातोडी थांबवून वर बघायचे. एकाने तर मला विचारलं होतं, "म्याडम, तुमाले फोन लागते कायले?"

आमची गिऱ्हाइकं म्हणजे राइस मिलवाले, शाळावाले, दवाखानेवाले. एक मिलवाले शेठ तर पडद्यावर दिसणारं सगळं रोज संध्याकाळी कागदावर छापून घ्यायचे. "पडद्यावरचं रात्रीतून बदललं तं?" असं त्यांचं म्हणणं. आम्ही हसायचो. मी जास्त हसायचे.

पण ही गोष्ट त्यांची नाही. ही प्रमिलाताईंची आहे.

आमच्या भागात सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार आहे. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, सांधे दुखतात, अंगात रक्त राहत नाही. ज्याला आजार आहे त्याचे हाल होतातच. पण काही जण नुसते वाहक असतात. त्यांना स्वतःला काही होत नाही, धान रोवतात, भारे उचलतात, नाचतात. मात्र नवरा-बायको दोघंही वाहक निघाले तर दर बाळंतपणात चारात एक अशी भीती, की बाळ आजार घेऊन येईल. आता हे गावाला कसं समजवायचं? गावाला एवढंच कळतं की अमक्याच्या पोरीच्या रक्तात काहीतरी आहे. मग त्या पोरीला स्थळ येत नाही. तिच्या बहिणीलाही येत नाही.

प्रमिलाताईंची एक छोटी संस्था होती. ताई साठीच्या आसपास, पायात रबरी चपला, खांद्याला पिशवी. गावोगाव जाऊन रक्त तपासून घ्यायच्या आणि वाहकाला एक हळदी रंगाचं कार्ड द्यायच्या. प्रत्येक घरात एकच वाक्य सांगायच्या, "हे नाव माह्या वहीतून बाहेर जानार नाई. माहा शब्द हाय." त्या शब्दावर लोकांनी बोटं पुढे केली. वह्या वाढत गेल्या, मग त्या माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "शालू, ह्या वह्या मशिनीत टाकून दे. पन शब्द माहाच राहील."

मी म्हणाले, "ताई, माह्या मशिनीतून डासबी बाहेर जानार नाई."

असं बोलायची मला खोडच आहे.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. खालच्या कारागिराकडे साचे असतात, छिन्न्या असतात. तयार भांडं तो कुलपात ठेवतो, पण छिन्नी बाहेरच पडलेली असते. छिन्नी कोण चोरणार? तशीच आमचीही हत्यारं असतात. प्रोग्राम लिहिताना तपासायला, चाचपायला आम्ही आमच्याच मशीनवर एक छोटा सर्व्हर चालवतो. सर्व्हर म्हणजे प्रश्न विचारला की उत्तर देणारा प्रोग्राम. तो बाहेरच्या जगासाठी नसतो. त्याच मशीनवरून विचारलं तरच बोलतो. मी असंच एक हत्यार स्वतः बनवलं होतं. त्याला काहीही विचारा, ते नोंदवहीतून काढून देणार. त्याला पासवर्ड नव्हता. माझ्याच घरात मी स्वतःला कायले पासवर्ड विचारू?

नोंदी खोट्या भरून काम भागलं असतं. सगळीकडे तसंच करतात. पण प्रमिलाताई मशीनसमोर बसल्या आणि खोटी नावं बघून पाच मिनिटांत उठल्या. "ह्या माणसाईले मी वळखत नाई. बरोबर हाय का चूक, सांगू कशी?" त्यांची तपासायची पद्धत वेगळी होती. नाव वाचलं की त्यांना घर दिसायचं, अंगण दिसायचं, कोण कोणाची सून ते आठवायचं, आणि मग त्या म्हणायच्या, "हे चुकलं, ही थोरली नाई, धाकटी व्हय." म्हणून मी खऱ्या नोंदींची नक्कल हेमराजच्या मशीनवर टाकली. ताई आठवड्यातून दोन दिवस यायच्या आणि घर-घर तपासायच्या.

हेमराज माझा धंद्यातला जोडीदार. तेहतीस वर्षांचा, कामाला वाघ, लग्नाला उभा. त्याचा बायोडाटा हा आमच्या हापिसातला सगळ्यात जुना प्रकल्प. दर महिन्याला नवी चौकट, नवा गणपती, नवा फोटो. तर या हेमराजच्या स्क्रीनवर एक दिवस लाल अक्षरं यायला लागली. ब्राउझर, म्हणजे ज्यातून आपण इंटरनेट बघतो ते, माझ्या हत्याराचं उत्तर त्याने लिहिलेल्या पानाला देईना. म्हणे, सर्व्हरची परवानगी नाही. परवानगीच्या जागी नाव लिहायचं असतं, की अमुक पानाला उत्तर दिलं तर चालेल. मला जेवायला जायचं होतं. मी नावाच्या जागी एक तारका टाकली. तारका म्हणजे कोणीही. लाल अक्षरं गेली.

"म्याडम, तुमच्या हातात जादू हाय," हेमराज म्हणाला.

"हाय तं," मी म्हणाले.

तो दिवस मंगळवार होता. धान मळणीचे दिवस, उन्हं उतरायला लागलेली. ताई हेमराजच्या मशीनसमोर करडी गावची घरं तपासत होत्या. मी आणि हेमराज खिडकीशी चहा घेत होतो. खालचे ठोके चालू होते. ताई मागे वळून म्हणाल्या, "हेमराज, हे काळ्या खिडकीत आपोआप काहून चालून राहिलं?"

काळी खिडकी म्हणजे माझ्या हत्याराची नोंद. कोणी काय विचारलं त्याची एकेक ओळ तिथे उमटते.

"तुमी काही दाबलं असन," हेमराज म्हणाला.

"माहे हात पिशवीत हाय. सुपारी शोधून राहिली मी."

मी कप खिडकीतच ठेवला आणि जवळ गेले. ओळी वर सरकत होत्या. पहिली ओळ विचारत होती, कपाटं कोणकोणती आहेत? दुसरी विचारत होती, 'नोंदवही' नावाच्या कपाटात कोणते कप्पे आहेत? तिसरी म्हणत होती, त्यातली पहिली पाच माणसं दे. चौथी म्हणत होती, पुढची पाच दे.

किबोर्डला कोणाचा हात नव्हता.

"हेमराज, काय उघडून ठेवलं हाय?"

"काही नाई जी. ते बायोडाट्याचं पान हाय मागं. फुकट चौकटी देते."

मला एका झटक्यात सगळं दिसलं. बाहेरचं कोणतंही पान उघडलं की त्याच्यासोबत थोडा प्रोग्रामही येतो आणि तो तुमच्या मशीनवर, तुमच्या ब्राउझरमध्ये चालतो. ब्राउझर हा घरचा गडी. बाहेरच्या माणसाने चिठ्ठी दिली की तो ती आत आणून देतो. आत बसलेला माझा सर्व्हर बघतो, अरे, हा तर घरचाच गडी, त्याला काय विचारायचं! आणि उत्तर देतो. ते उत्तर बाहेर नेऊ नये एवढी अक्कल गड्याला होती. ती मीच जेवणाच्या घाईत काढून घेतली होती. बायोडाट्याच्या चौकटीत बसून कोणीतरी हेमराजच्या मशीनची दारं एकेक करून ठोठावत आलं होतं, आणि एक दार उघडं सापडलं होतं.

सहावी ओळ. पुढची पाच दे.

इंटरनेटचा डबा माकडांच्या भीतीने आम्ही छताजवळ टांगला होता. मी पावणेपाच फूट. एरवी त्या डब्याला हात लावायला मला स्टूल आणि स्टुलावर जाडजूड फाइल लागते. त्या दिवशी मी जमिनीवरून उडी मारली आणि वायर, डबा आणि भिंतीचा थोडा गिलावा असं सगळं खाली आणलं. गिलाव्याचा खड्डा अजून आहे, येऊन बघा.

"थांबलं?" मी ओरडले.

"नाई," ताई म्हणाल्या. "चालूनच राहिलं."

असं होणारच होतं, पण हे मला एक श्वास उशिरा कळलं. आत विचारायला बाहेरचं नेट लागत नाही. पान आधीच आत आलेलं होतं. ते विचारतच राहणार आणि नेट आलं की मिळालेलं सगळं पाठवून देणार. पण नेट तर मी तोडलं होतं.

तेवढ्यात हेमराजच्या पँटच्या खिशातला फोन टुंग वाजला.

आमच्याकडे नेट जातं. पावसात जातं, उन्हात जातं, वारा सुटला तर जातं, कधी कधी नुसतं आठवण काढली तरी जातं. म्हणून हेमराजने मशीनला शिकवून ठेवलं होतं, की डब्याचं नेट गेलं की आपोआप त्याच्या फोनचं घ्यायचं. मीच त्याला या हुशारीबद्दल शाबासकी दिली होती.

"फोन!"

"अं?"

"फोन दे बे, फोन!"

मी त्याच्या खिशातून फोन काढला की फोनसकट खिसा काढला, याबद्दल आमच्या हापिसात आजही दोन मतं आहेत. फोन बंद केला. मग काळ्या खिडकीत माझं हत्यारच बंद केलं. ओळी थांबल्या. खालचे ठोकेही थांबले होते. सगळे कारागीर जिन्यात येऊन उभे होते. त्यांना वाटलं, वर खून झाला.

हेमराजचा हात माऊसकडे गेला. "बंद करून टाकतो हे पान."

मी त्याच्या हातावर फटका मारला. "हात नको लावू! ते बंद केलं तं काय गेलं, काय राहिलं, कधीच नाई समजनार."

घाबरलेल्या माणसाचा हात आधी बंद करायच्या बटणाकडे जातो. पण ते पान म्हणजे पोतं घेऊन अंगणात उभा असलेला चोर होता. नेट नव्हतं, म्हणून त्याला फाटकाबाहेर जाता येत नव्हतं. पोत्यात काय आहे ते बघायची तीच एक वेळ. पान मिटलं की चोर गेला, पोतंही गेलं आणि आधी एखादी फेरी मारून गेला होता का, तेही कळणार नाही.

मी खुर्चीवर बसले. ब्राउझरमध्ये पानाच्या पोटात बघायची सोय असते. ती उघडली. घाईत एक शब्द मी चारदा लिहिला. हेमराज मागे उभा, ताई बाजूला. पानाच्या पोटात एक यादी होती, 'पाठवायचं'. तिच्यात पंचवीस नावं वाट बघत बसली होती. तिच्याखाली आणखी एक यादी होती, 'पाठवलं'. मी देवाधर्माची बाई नाही, पण ती यादी उघडताना डोळे मिटले.

पाच.

डबा तोडेपर्यंत ते पान नुसतं गोळा करत होतं; फोन टुंग वाजला आणि मी तो खिशातून ओढला, त्या मधल्या वेळात पहिली पाच माणसं गेली होती.

"ताई, तुमीच वाचा," मी म्हणाले. "मी नाई वाचत."

ताईंनी चष्मा लावला. बोट पडद्यावर ठेवून एकेक नाव मनातल्या मनात वाचलं. चौथ्या नावापर्यंत बोट सरकत होतं. पाचव्यावर थांबलं.

"करुणा," त्या म्हणाल्या. "करडीची. पुढच्या बुधवारी साक्षगंध हाय तिचा."

आमच्याकडे साखरपुड्याला साक्षगंध म्हणतात. दोन्हीकडची माणसं, जेवण, गावभर बोलावणं.

हेमराज खाली बसला. तो हळूच म्हणाला, "म्याडम, एक सांगू? तो चोर कुठं बसला असन, कोनत्या देशात, कोनाले माहीत. त्याले मराठी तरी येते का? त्याले करडी कुठं, करुणा कोन, काय समजते? आपन तिघं गप बसलो तं कोनालेच नाई समजत."

आता खरं सांगते. हे वाक्य त्याने माझ्या तोंडातून काढून घेतलं होतं. मी ताईंकडे बघितलं. मला वाटलं, त्या 'हो' म्हणतील. त्यांची संस्था होती, त्यांचा शब्द होता, बुडणार होतं ते त्यांचं होतं.

ताईंनी चष्मा काढून पिशवीत ठेवला. "मी सांगतलं होतं, नाव बाहेर जानार नाई. गेलं तं आता तेबी मलेच सांगा लागन. तू येशील का नाई ते तू पाय."

त्या रात्री घरी मी जेवले नाही, एवढंच सांगून पुढे जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी नक्कल पुसली, सगळ्या चाव्या-पासवर्ड बदलले आणि हत्यार नव्याने लिहायला बसले. त्या पानाच्या पोटातला प्रोग्राम ओळ-ओळ वाचून काढला, तेव्हा कळलं की त्याच्याकडे आणखी एक युक्ती तयार होती. जिथे तारका नसेल तिथे ते पान स्वतःचा पत्ताच बदलणार होतं. आधी सांगायचं, मी अमुक साइट, माझं घर तिकडे लांब. मग मधेच सांगायचं, माझं घर आता याच मशीनवर आहे. ब्राउझरला वाटतं, नाव तर तेच आहे, मग उत्तर द्यायला काय हरकत? परक्याने घरच्या माणसाच्या पत्त्यावर स्वतःच्या नावाची पाटी लावावी, तसं.

यावर उपाय मला सानगडीच्या पारावर सापडला, असं मी सगळीकडे सांगते. आमच्या गावात नवा माणूस शिरला की पारावरचे म्हातारे दोन प्रश्न विचारतात. कोणत्या गावचे जी? आणि, कोणाघरी आले? दोन्ही उत्तरं पटली तर चहा, नाहीतर बस थांब्यापर्यंत सोबत. ब्राउझर प्रत्येक चिठ्ठीवर या दोन्ही गोष्टी स्वतः लिहून देतो. कोणत्या पानावरून चिठ्ठी आली, आणि ती कोणत्या नावाच्या घरी निघाली होती. पानावरच्या प्रोग्रामला हे दोन्ही खोटं लिहिता येत नाही. मी इतकी वर्षं ते वाचतच नव्हते. आता माझा सर्व्हर दोन्ही वाचतो. परक्या पानावरून आली तर परत. दुसऱ्याच घराचं नाव घेऊन आली तरी परत. शिवाय दर सकाळी हत्यार चालू केलं की ते एक लांबलचक खूणशब्द तयार करतं, तो ज्याच्याकडे असेल त्यालाच उत्तर. आणि खरी नावं कामाच्या मशीनवर कधीच नाहीत. ताईंसाठी मी वेगळी सोय केली, जिथे बायोडाटाच काय, दुसरं कोणतंही पान उघडत नाही.

दोन दिवसांत हे सगळं झालं. अवघड काहीच नव्हतं, हेच जास्त लागलं.

मग मी आणि ताई त्या पाच घरांकडे निघालो. पहिल्या घरी आजोबांनी सगळं ऐकून विचारलं, "मंग पेन्शन बंद होते का?" नाही म्हटल्यावर त्यांचा विषय संपला. दुसऱ्या घरच्या बाईने ताईंना पाणीही विचारलं नाही. तिसऱ्या घरी मुलाने माझ्यासाठी जे शब्द वापरले ते दिवाळी अंकात छापता येणार नाहीत. ताईंनी मात्र त्याला मधे थांबवलं नाही, मलाही बोलू दिलं नाही. चौथं कुटुंब कामाला बाहेरगावी गेलेलं, त्यांना फोनवर सांगितलं. शेवटी करडी.

करुणा अंगणात नवं धान वाळत घालत होती. चोवीस-पंचवीसची, अंगणवाडीत कामाला. तिच्या आईने चटई टाकली. मी बोलायला सुरुवात केली आणि माझ्या सवयीप्रमाणे लांबून, ब्राउझरपासून सुरू केलं. करुणाने हात वर करून मला थांबवलं.

"कोनाले गेलं माहं नाव?"

"माहीत नाई."

"परत आनता येते?"

"नाई येत."

"मंग तुमी इतक्या दूर कायले आल्या?"

"तुले माहीत असावं म्हनून."

ती बराच वेळ पायाने धान पसरत राहिली. तिची आई ताईंकडे बघून रडायला लागली. "ताई, तुमी शब्द देल्ला होता."

"देल्ला होता," ताई म्हणाल्या.

करुणा आत गेली आणि साडी बदलून, हातात हळदी कार्ड घेऊन बाहेर आली. "चला, आंबागडले जाऊ. दुसऱ्या कोनी सांगन्याच्या आदी मी सांगते त्याईले."

"साक्षगंधाच्या आदी पोरगी सासरी जाते का वो?" आई म्हणाली.

"नाव तं बाहेर गेलंच, मी गेली तं काय बिघडते?"

आंबागडला किल्ल्याच्या पायथ्याशी नितेशचं, म्हणजे तिच्या होणाऱ्या नवऱ्याचं, घर. तो रोपवाटिकेत कामाला होता, नुकताच येऊन हातपाय धूत होता. होणारी सून, तिची आई आणि दोन परक्या बाया एकदम दारात बघून त्याच्या आईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. करुणाने बसायच्या आधीच सांगून टाकलं. कार्ड चटईवर ठेवलं. मी वाहक आहे, मला आजार नाही, पण हे तुमच्यापासून लपवलं होतं आणि आता ते बाहेर गेलं आहे, असं चार वाक्यांत.

नितेशचे वडील करुणाच्या आईकडे वळले. "हे आमाले आदी काहून नाई सांगतलं?" आवाज चढत होता. माझे पाय दाराकडे वळले होते, खोटं कशाला बोलू.

नितेश उठून आतल्या खोलीत गेला. ट्रंकेचं झाकण वाजलं. त्याची आई तिथूनच ओरडली, "नितेश! ठेव तं ते!"

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात घडी घातलेला कागद होता. कॉलेजात असताना नागपूरला तपासणी झाली होती, तिथला. तो त्याने करुणाच्या कार्डाशेजारी ठेवला. तोही वाहक.

दोन्ही घरांनी एकमेकांपासून एकच गोष्ट लपवली होती आणि पुढच्या बुधवारी गावजेवण ठरलं होतं.

ताई मात्र चटईवर सरसावून बसल्या आणि दिवे लागेपर्यंत बोलत राहिल्या. लग्न करू नये असं नाही, पण करायचं तर डोळे उघडे ठेवून करा. दिवस राहिले की तपासणी कधी, कुठे, कशी करायची. तपासणीत वाईट निघालं तर काय निवडावं लागेल. करुणा प्रश्न विचारत होती, नितेश ऐकत होता. मी पहिल्यांदाच ताईंना काम करताना बघत होते. बुधवारचं साक्षगंध झालं नाही. गावात काय काय बोललं गेलं, ते मला ऐकावं लागलं नाही. ते करुणाने ऐकलं. पुढच्या वर्षी दोघांनी आपल्या मर्जीने लग्न केलं. जेवण साधं, माणसं मोजकी.

आणि मी? मी ही गोष्ट सांगत सुटले. तोंड गप बसतं का! कॉलेजात सांगितली, धंद्यातल्या लोकांना सांगितली, बसमध्ये शेजारच्या सीटवर बसलेल्यांना सांगितली. सांगता सांगता उडी उंच होत गेली, चोर मोठा होत गेला, आणि शेवटाला तर मी एक ठसका ठेवला होता: माझी ती चूक झाली नसती तर दोन वाहकांचं लग्न न कळता लागलं असतं, तेव्हा बघा, कधी कधी उघडं दारही कामाला येतं! लोक टाळ्या वाजवायचे. हेमराजही वाजवायचा.

प्रमिलाताईंच्या संस्थेने एकदा मोहाडीला मेळावा घेतला. मला बोलावलं. मी रंगात येऊन सगळी गोष्ट सांगितली, ठसक्यासकट. टाळ्या झाल्या. मी माईक हातात धरून खाली उतरत होते, तर शेवटच्या रांगेतून करुणा उठून पुढे आली. कडेवर मूल होतं. ती जवळ येऊन, अगदी शांतपणे, फक्त मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"ताई, जे बरं झालं ते आमी केल्लं. त्याच्यासाठी मी आंबागडले गेली, ह्याच्या बाबानं कागद काढला, प्रमिलाताई बसून राहिल्या. तुमी काय केल्लं, ते येगळं सांगत जा."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि नुसताच एक मोठा उसासा निघाला. माईक चालू होता. सगळ्या मांडवाने तिचंही ऐकलं होतं आणि माझंही.

मी माईक बंद केला, टेबलावर ठेवला आणि मागच्या रांगेत जाऊन बसले. संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलले नाही. मला ओळखणाऱ्या कोणालाही विचारा, असं एकदाच घडलं आहे.